अध्ययनासाठी पदत्याग

महाविद्यालयातील भाषेचा अध्यापक नोकरी सोडून संशोधनास निघाला, की घरची माणसे मिळकतीचा हिशेब मांडतात आणि विद्वज्जन त्यागाची प्रशंसा करतात. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. अभ्यासविषय त्याच्याकडून किती अखंड काळ मागतो, हा खरा प्रश्न होय.

तंजावरच्या मराठी नाटकांचे उदाहरण घ्यावे. शहाजीराजांच्या (राज्यकाल १६८४ ते १७१२) ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ व हिंदी अशा पाच भाषा एकत्र येतात. या परंपरेच्या अभ्यासकास केवळ मराठी पुरत नाही. तेलुगू यक्षगानाची जाण हवी, तमिळ हवी, शिवाय सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांपुढे महिनोन्महिने बसण्याची सवड हवी. उन्हाळ्याच्या सुटीत नव्या भाषेची तोंडओळख होते. तिच्या वाङ्मयात मुरणे होत नाही. उलट, ज्याची साधने हाताशी आहेत अशा एखाद्या अर्वाचीन कादंबरीकाराचा अभ्यास पद सांभाळूनही होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी नियोक्त्याच्या ना-हरकत पत्रावर अंशकालीन पीएच.डी.ची मुभा दिलेली आहेच.

केवळ पदवीसाठी पदत्याग करणे तर आता अधिकच असमर्थनीय ठरते. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे २०१८ मध्ये ठरले होते. ती अट लांबणीवर पडत गेली आणि जुलै २०२३ पासून ऐच्छिक झाली. वरच्या पदांसाठी ती लागते हे खरे. परंतु बढतीची निकड आणि ज्ञानाची निकड या एक नव्हेत.

या संदर्भात धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी कलकत्ता विद्यापीठातील पालीचे अध्यापन सोडले आणि सयाजीराव गायकवाडांकडून मिळणारे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. कलकत्त्यास राहिले असते तर याहून पुष्कळ अधिक वेतन मिळाले असते. परंतु महाराष्ट्रात राहून बौद्ध विद्येचा प्रसार करावा, हे त्यांचे ध्येय होते. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे पंडित तयार झाले. या त्यागाची थोरवी गाताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. ते ५० रुपये अल्प असले, तरी निश्चित होते.

आज तसा आधार कोणास आहे? कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे आहे. दहा वर्षे शिकवून ज्याला आपला प्रश्न गवसला, तो बहुधा तिच्याबाहेर पडतो. कायम अध्यापकास सवेतन अध्ययन-रजेची तरतूद आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यास रजाच नाही. त्याने अभ्यासासाठी तास सोडले, म्हणजे ते दुसऱ्याकडे गेले, परत येण्यास जागा उरली नाही. अशा स्थितीत त्याने पद सोडले नाही, तर तो ज्ञानपराङ्मुख ठरत नाही.

म्हणून ज्याचा विषय दुसऱ्या भाषेत मुरण्याची मागणी करतो, त्याने अवश्य जावे. परंतु त्याने परतावे अशी ज्या संस्थांची इच्छा असेल, त्यांनी त्याचे आसन राखून ठेवावे. भारतीय साहित्य एक आहे, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. ते सिद्ध करणाऱ्यास तीन-चार वर्षांचे स्वास्थ्य देणे हा त्या घोषणेचा खर्च आहे. तो एकट्या अभ्यासकाच्या कुटुंबाने सोसावा, हे न्याय्य नव्हे.