‘बाय’ कुठं गेला?

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या सातवीच्या वर्गातला पृथ्वीगोल फुटला.

बघा हं, मी काय लिहिलं ते. ‘फुटला.’ जसं काही तो कपाटावर बसून बसून कंटाळला आणि आपणहून फुटला! मधली सुट्टी संपल्यावर मी वर्गात आले, तर गोल जमिनीवर, दक्षिण अमेरिकेपासून थेट अंटार्क्टिकापर्यंत भेग गेलेली, आणि अख्खा वर्ग पुस्तकात डोकं खुपसून बसलेला. “काय झालं रे?” म्हटलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, गोल पडला.”

तास इंग्रजीचा होता आणि शिकवायचा होता नेमका पॅसिव्ह व्हॉइस. मी फळ्यावर लिहिलं, ‘द ग्लोब वॉज ब्रोकन.’ विचारलं, “हे वाक्य बरोबर आहे?” “बरोबर, बाई!” एवढा एकमुखी होकार मला वर्षभरात मिळाला नव्हता.

वाक्य खरंच बरोबर होतं. ‘समबडी ब्रोक द ग्लोब’ हे सरळ वाक्य. त्यात करणारा पुढं असतो. वाक्य फिरवलं की ज्याच्यावर क्रिया झाली तो पुढं येऊन बसतो, मग ‘बी’चं एखादं रूप येतं, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आणि करणारा? तो ‘बाय’चं बोट धरून वाक्याच्या शेवटी जातो. नाही तर सरळ वाक्याबाहेरच जातो.

काळ दाखवायचं सगळं काम ‘बी’कडं असतं. रस्त्याचंच उदाहरण घ्या. ‘द रोड इज रिपेअर्ड एव्हरी इयर’ म्हणजे दरवर्षी दुरुस्त होतो. ‘वॉज रिपेअर्ड’ म्हणजे झाला होता. ‘विल बी रिपेअर्ड’ म्हणजे होईल. ‘इज बीइंग रिपेअर्ड’ म्हणजे काम चालू आहे. ही पाटी आमच्या रस्त्यावर कायम असते. ‘रिपेअर्ड’ मात्र सगळीकडे तसाच. म्हणून क्रियापदाची तीन रूपं पाठ करा असं आम्ही सारखं म्हणतो, ते उगीच नाही.

आता एक खड्डा सांगते. त्यात मराठी माध्यमाची हुशार मुलंही पडतात. मराठीत आपण कर्मणी प्रयोग शिकतो, ‘रमेशने आंबा खाल्ला’. चिंच असेल तर ‘खाल्ली’. क्रियापद कर्माच्या मागं जातं, म्हणून कर्मणी. मग मुलं समजतात की कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह, आणि भाषांतर करतात, ‘द मँगो वॉज ईटन बाय रमेश’. छे! रमेशनं मजेत आंबा खाल्ला, तर इंग्रजीत साधं ‘रमेश एट अ मँगो’. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं मराठी वाक्य म्हणजे ‘आंबा रमेशकडून खाल्ला गेला’. त्याला व्याकरणात कर्मकर्तरी किंवा नवीन कर्मणी म्हणतात. असं घरी कुणी बोलतं का? आई म्हणेल, “आंबा खाल्ला गेला नाही, तू खाल्लास!”

दुसरा खड्डा, ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’. ‘हॅपन’ला कर्मच नाही, मग फिरवणार काय? तिथं नुसतं ‘हॅपन्ड’. आणि जिथं पॅसिव्ह हवाच असतो तिथं नेमका गाळतात, ‘आय बॉर्न इन सातारा’. अरे, ‘आय वॉज बॉर्न’! जन्माला येण्याचे कष्ट तुम्ही नाही घेतले, आईनं घेतले. इंग्रजी भाषा तेवढं लक्षात ठेवते.

परीक्षेत ‘चेंज द व्हॉइस’ असा प्रश्न येतो, आणि आपण ‘आय ड्रिंक टी’चं ‘टी इज ड्रंक बाय मी’ करून गुण मिळवतो. मिळवा, माझी ना नाही. पण चहा पिताना कुणी असं म्हणत नाही हेही माहीत असू द्या. मग हा प्रयोग खरा वापरतात कुठं? सायकल चोरीला गेली, चोर माहीत नाही, तर ‘माय बायसिकल वॉज स्टोलन’. कोकणात भात पिकतो, तर ‘राइस इज ग्रोन इन कोकण’. पिकवणारे शेतकरीच, हे वेगळं सांगायला नको. कधीकधी तर पॅसिव्हमुळं करणाऱ्याला मानाची जागा मिळते. रायगडाच्या बांधकामाचं काम हिरोजी इंदुलकरांनी पाहिलं. तिथं जगदीश्वराच्या मंदिराजवळच्या पायरीवर त्यांचं नाव कोरलेलं आहे. रायगडावर निबंध लिहिताना ‘बिल्ट बाय हिरोजी इंदुलकर’ लिहिलंत, तर शेवटी आलेलं ते नाव वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

आणि कधी ‘बाय’ मुद्दाम गाळतात. मोठी माणसंसुद्धा. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी संसदेपुढं भाषण केलं. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण तेव्हा गाजत होतं. ते म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’. गंभीर चुका केल्या गेल्या. कुणाकडून? तिथं पूर्णविराम. मार्चमध्ये ते पुन्हा लोकांसमोर आले, आणि तेव्हाच्या वाक्यात ‘आय’ होता, पूर्ण जबाबदारी मी घेतो म्हणून.

हे मी वर्गात रंगवून सांगितलं आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाले, “तर मग? ‘द ग्लोब वॉज ब्रोकन’. पुढचा ‘बाय’ कुठं गेला?”

कुणी बोलेना. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच उठली. “बाई, माझी विज्ञानाची वही पण ‘वॉज लॉस्ट’ होती ना?”

मला एकदम आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत वह्या तपासायला घरी नेल्या होत्या. परत आणताना एक पिशवी एसटीतच राहिली की काय कोण जाणे, तिची वही काही मिळाली नाही. शाळा उघडल्यावर मी तिला म्हटलं होतं, “अगं, तुझी वही हरवली बघ.” बिचारीनं सगळ्या आकृत्या पुन्हा काढल्या. मी मात्र ‘हरवली’ म्हणून मोकळी झाले होते. त्या वाक्यात मी कुठंच नव्हते.

मी खडू घेतला आणि ग्लोबच्या वाक्याखाली लिहिलं, ‘आय लॉस्ट युअर नोटबुक. आय ॲम सॉरी.’ खरं सांगते, तीसपस्तीस मुलांकडं पाठ करून ते लिहिणं सोपं नव्हतं. वर्गात कुणी हसलं नाही.

त्या दिवशी गोलाचं काही मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर, हजेरीपटात खोचलेली एक चिठ्ठी सापडली. खाली दोन नावं, आणि वर एकच ओळ, ‘द ग्लोब वॉज ब्रोकन बाय वुई’.

मी लाल पेनानं ‘वुई’ खोडलं आणि ‘अस’ केलं. ‘बाय’नंतर ‘वुई’ चालत नाही, ‘अस’च येतं. मग आम्ही तिघांनी मिळून अंटार्क्टिकाला चिकटपट्टी लावली.