'घरगुती' या शब्दाची किंमत

कोकणच्या किनाऱ्यावरील बहुतेक गावांत शिरताना एक पाटी हमखास दिसते : 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय होईल.' हरिहरेश्वर असो, गुहागर असो वा मालवण, शब्द जवळपास तेच. साहित्याच्या अभ्यासकांनी ही पाटी एखाद्या संहितेसारखी वाचून पाहावी. व्याकरणदृष्ट्या या वाक्यात 'सोय' हीच कर्ता आहे. सोय करणारे माणूस वाक्याच्या बाहेर उभे आहे. सोय 'होईल'. कोण करील, हे विचारायचे नसते. ते 'घरगुती' या विशेषणाने आधीच सांगून टाकलेले असते : घरातली बाई करील, आणि घरातलेच काम असल्याने त्याचा हिशेब मांडला जाणार नाही.

हे काम किती असते? आठ पाहुणे शनिवारी सकाळी येणार असतील तर शुक्रवारी खोल्या झाडून, चादरी बदलून, तांदळाची पिठी तयार ठेवावी लागते. 'दुपारी उकडीचे मोदक हवेत' असा निरोप निघताना फोनवरून येतो. मग नारळ फोडा, खोवा, सारण शिजवा, उकड काढा, ती गरम असतानाच मळा, एकेक पारी हाताने करा. चाळीस मोदक म्हणजे चाळीस वेळा तीच कृती. मागोमाग संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण, दुसऱ्या दिवशीचे घावन. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत आणि मे महिन्यात, पाहुण्यांची गर्दी ऐन भरात असताना, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते.

आणि मग घासाघीस. मोठ्या हॉटेलातील छापील दरपत्रकापुढे मुकाट्याने मान तुकवणारा पाहुणा येथे मात्र 'घरगुतीच तर आहे, थोडे कमी करा' असे म्हणतो. तो स्वभावाने दुष्ट नसतो. त्याला ही मुभा 'घरगुती' हा शब्द देतो. आईच्या हातच्या जेवणाचे पैसे कोणी देते का, हा आपल्या मध्यमवर्गीय मनात मुरलेला प्रश्न त्या दरात मजुरी धरू देत नाही. नारळ, तांदूळ, गॅस यांचा हिशेब होतो. हातांचा होत नाही.

वाडीचीही तीच गत. जाहिरातीत आणि आपल्या ललित गद्यात नारळी-पोफळीची वाडी कायम हिरवी, थंड आणि निर्मनुष्य असते. तिच्यात ऊन झिरपते, पाट झुळझुळतो. पण पाट स्वतः झुळझुळत नाही. पूर्वी रहाट फिरवावा लागे, आता पंप चालवावा लागतो. आळी करावी लागतात, झावळ्या ओढाव्या लागतात, पोफळीवर चढणारा माणूस शोधावा लागतो, वानरे हाकावी लागतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली या भागांतील वाड्या आडव्या केल्या. निसर्गवर्णनाचा शब्दसंग्रह येथे अपुरा पडतो, कारण त्यात सौंदर्य हरपल्याची हळहळ बसते, आणि नव्याने लावलेला माड फळाला येईपर्यंत सहा-आठ वर्षे खायचे काय, हा प्रश्न बसत नाही. वाडी हे दृश्य असण्याआधी उत्पन्न आहे, हे आपले गद्य सहसा विसरते.

राहता राहिला फेरफटका. पाहुण्याला पहाटे पाखाडीवरून, सड्यावरून, व्हाळाच्या काठाने चालायचे असते. खुशाल चालावे. पण मराठीतच याच कोकणातल्या चालण्याचे एक दुसरे वर्णन उपलब्ध आहे. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाची सुरुवातच मुळी चालण्याने होते : डोंगरापलीकडच्या गावांतील बाया डोक्यावर लाकूडफाटा, गवत असे जड भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडवतात. त्या वाटेला चढ-उतार आहेत, उन आहे, ओझे आहे आणि पोहोचल्यावर ओझ्याचा भाव पाडून मागणारे गिऱ्हाईक आहे. ही पाने वाचल्यावर 'रम्य पायवाट' हा शब्दप्रयोग निरागसपणे करता येणार नाही. तरीही आपल्या वर्गांत 'आयदान' दलित साहित्याच्या तासाला येते आणि कोकणचे निसर्गवर्णन ललित गद्याच्या तासाला. दोन्ही एकाच भूगोलाचे, एकाच वाटेचे मजकूर आहेत, हे विद्यार्थ्याला सांगायचे राहूनच जाते.

ही विभागणी केवळ मराठीची नाही. निसर्गातील भटकंतीचा जो आदर्श इंग्रजी विभागांतून आपल्याकडे आला, त्याच्या उगमापाशी वर्डस्वर्थ आहे. ग्रासमीर येथील ज्या घरात तो बहीण डोरोथीसह १७९९ च्या अखेरीस राहायला गेला, ते पूर्वी एक पथिकाश्रम होते. 'डॅफोडिल्स'च्या कवितेत कवी एकटाच भटकतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ च्या त्या फेरफटक्यात डोरोथी सोबत होती आणि त्या फुलांची नोंद तिने आपल्या रोजनिशीत केली होती. त्याच रोजनिशीत भाकरी भाजणे, कपडे धुणे, इस्त्री, बागेतील लागवड, येणारे-जाणारे पाहुणे हे सारे फेरफटक्यांच्या शेजारीच नोंदलेले आहे. तिच्या लेखी चालणे आणि राबणे एकाच दिवसाचे भाग होते. कविता अभ्यासक्रमात स्थिरावली. रोजनिशी मात्र तिच्या हयातीत छापलीसुद्धा गेली नाही.

यावर आक्षेप येईल की, 'घरगुती' हा शब्द यजमानांनीच निवडला आहे. त्यांना तो अभिमानाचा वाटतो. शिवाय मुंबईच्या खोलीत दाटीवाटीने राहण्यापेक्षा गावात राहून चार पैसे मिळवणे बरे. यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. हा व्यवसाय टिकावा म्हणूनच हे लिहितो आहे. पण अभिमानाच्या शब्दानेच भाव पडत असेल तर त्या शब्दाची चिकित्सा करायलाच हवी. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महिलांसाठी पर्यटन धोरण आणले. पर्यटन व्यवसायासाठी स्त्रीला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देणारे हे धोरण तिला उद्योजक मानते, हे स्वागतार्हच. त्याचे नाव मात्र 'आई' ठेवले गेले! कर्ज उद्योजिकेला आणि नाव आईचे. आई बिल देत नाही, हे पाहुण्याला पाठ आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. दर ठरवताना स्वयंपाकघरातील तास मोजावेत, मग ते घरच्या बाईचे असोत वा कामाला बोलावलेल्या शेजारणीचे. पाहुण्याने तो दर घासाघीस न करता द्यावा. आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी निसर्गवर्णनाचा प्रत्येक उतारा वाचताना वर्गाला एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी : ही बाग शिंपली कोणी? या प्रश्नाने उताऱ्याचा रसभंग होत असेल, तर तो रस पातळच होता असे समजावे. अशा घरांतील मुली आज शिकत आहेत, आपल्याच वर्गांत बसत आहेत. आईचे राबणे त्या पाहत आल्या आहेत. त्या कामाला काम म्हटले गेले नाही, तर त्या ते पुढे चालवणार नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नसेल.