खर्ज मोकळा करणारी तार

रेगे संगीतात बेस गिटार साथीला नसते. गाण्याची चाल जितकी गायकाच्या गळ्यात असते, तितकीच ती बेसच्या चार तारांवरही असते. ज्या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात, त्यात ड्रमवादक पहिल्या मात्रेची जागा मोकळी सोडून तिसऱ्या मात्रेवर आघात करतो, आणि समेची वाट पाहणाऱ्या हिंदुस्थानी कानाला जी पोकळी जाणवते, तिच्याभोवती बेसचा स्वर उभा राहतो. हा स्वर गोल, जड आणि आवरता असावा लागतो. तो कसा साधावा, याची चर्चा राजधानी परिसरातील बेसवादकांत बहुधा अ‍ॅम्प्लिफायर आणि पेडल यांच्यापासून सुरू होते व तारेपर्यंत क्वचितच पोहोचते, हा क्रम उलटा आहे असे या मासिकाचे मत आहे.

दिल्लीत हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. ‘रेगे राजाज’ आणि ‘द स्का वेंजर्स’ हे दोन्ही समूह 2009 मध्ये याच शहरात उभे राहिले, त्यांपैकी पहिल्याने पुढे ‘गोवा सनस्प्लॅश’ हा महोत्सव सुरू केला, आणि ‘बेस फाउंडेशन रूट्स’ने जमैकन धाटणीची हाताने बांधलेली ध्वनियंत्रणा येथील श्रोत्यांपुढे आणली. अशा यंत्रणेवर तबकडीतला खर्ज छातीत जाणवतो. तो एकदा अनुभवलेला श्रोता मंचावरच्या जिवंत बेसकडूनही तीच घनता मागतो.

तारांचे प्रकार समजून घेताना एक जुना दाखला उपयोगी पडतो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग असा घासतो, आणि वादक तारेखाली सुताचा दोरा असा सरकवतो, की एका तारेतून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींतील उपस्वर, झळाळून उठावेत. रेगेच्या बेसची गरज याच्या नेमकी उलट आहे: उपस्वर लवकर विझावेत आणि षड्जासारखा मूळ स्वर तेवढा राहावा. राउंडवाउंड तारेत गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते. ती लवचिक असल्याने तिचे उपस्वर बराच वेळ टिकतात आणि बोट सरकताना तिच्या खाचांचा खरखराटही ऐकू येतो. 1960च्या दशकात इंग्लंडमधील रोटोसाउंडने ही तार बेसवर रुजवली, आणि रॉकला हवी असलेली धातूची धार तिने दिली. फ्लॅटवाउंड तारेत वेटोळे चपट्या पट्टीचे असते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तार अधिक ताठ असते. त्यामुळे वरचे स्वरांश झपाट्याने मरतात. विद्युत बेसला आधीच्या उभ्या डबल बेसचा भरीव ‘धप्प’ देणारी तार हीच होती. रेगेआधीच्या स्का संगीताच्या काळात बेसवादक लॉइड ब्रेव्हेट तो उभ्या वाद्यातून काढत असत. पुढे अ‍ॅस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट यांनी बॉब मार्लींच्या संचात तो फेंडर जॅझ बेसवर, फ्लॅटवाउंड तारांतून, आणला, आणि बेसवादक रॉबी शेक्सपिअर त्यांच्याकडूनच शिकले. टेपवाउंड हा तिसरा प्रकार: धातूच्या तारेवर नायलॉनची फीत, त्यामुळे आणखी मऊ, रबरी स्वर आणि बहुधा कमी ताण. हळू लयीत तो गोड वाटतो. मात्र जोरकस हात असलेल्या वादकाला त्याची सैल तार बेताल करते.

जाडी, म्हणजे गेज, ही त्यानंतरची बाब. ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 45 ते 105 हा संच मध्यम मानला जातो, तर मोटाउनचे बेसवादक जेम्स जेमरसन यांच्या नावाने ला बेला जो संच विकते तो 52 ते 110चा आहे. जाड तार जास्त ताण मागते, त्या ताणाने नेक वाकते आणि नटची खाच अपुरी पडते. म्हणून जाड संच चढवायचा तर ट्रस रॉड, अर्थात नेकमधील पोलादी सळी, आणि नट हे दोन्ही जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावेत. बहुतेकांना 45 ते 105 फ्लॅटवाउंड पुरेशी आहे, असे मासिक आग्रहाने सुचवते. उरलेले काम उजव्या हाताचे आहे: नेकच्या टोकाशी छेड घेतली, टोनचे बटण उतरवले आणि ब्रिजपाशी तारांखाली फोमचा तुकडा ठेवला, तर जुनी राउंडवाउंडही बरीचशी वाट चालते. ज्याला एकाच वाद्यावर रेगेही आणि रॉकही वाजवावे लागते, त्याने हा मार्ग निःसंकोच धरावा.

तार पारखण्याची जागा मात्र फसवी असू शकते. खालच्या ई तारेची कंपनसंख्या सुमारे 41 हर्ट्‌झ, तिची तरंगलांबी आठ मीटरहून थोडी अधिक, आणि चार मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद साधारण 43 हर्ट्‌झला येतो. दक्षिण दिल्लीतील किंवा नोएडातील तळघरात अशा मापाच्या खोलीत सराव चालत असेल, तर ई आणि एफ हे स्वर तार न बदलताही फुगतात. तेथे फ्लॅटवाउंडला ‘गढूळ’ ठरवून परत राउंडवाउंड चढवणारा वादक प्रत्यक्षात खोलीचा दोष तारेवर घालतो. लहान स्पीकरवर आणि मोबाइलवर उलटा भ्रम होतो: तेथे मूळ स्वर जवळजवळ वाजतच नाही आणि कान उपस्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो, म्हणून राउंडवाउंड अधिक भरदार भासते. निवाडा मोकळ्या मंचावर, मोठ्या स्पीकरसमोर, ड्रमबरोबर करावा.

हवामानाचाही वाटा आहे. मे-जूनच्या लूमध्ये लाकूड सुकून फ्रेटची टोके बोटाला लागतात, जुलै-ऑगस्टच्या दमटपणात नेक पुन्हा हलते, आणि घामाने राउंडवाउंडच्या खाचा भरून तिची चमक संपते. गुळगुळीत फ्लॅटवाउंड हा मारा कितीतरी अधिक सोसते. जेमरसन तारा क्वचितच बदलत, आणि रेगेसाठीही वर्षानुवर्षे मुरलेली तार उत्तम. नवी फ्लॅटवाउंड पहिले काही आठवडे अपेक्षेहून उजळ वाजते, त्या काळात तिच्यावर मत बनवू नये. बदल करायचाच झाला तर तो ऑक्टोबरमध्ये करावा: पाऊस सरलेला असतो, कडाका पडलेला नसतो, नेक स्थिरावते, आणि हिवाळ्यातील मोकळ्या मैदानांवरचे कार्यक्रम सुरू होईपर्यंत तारेला मुरायला पुरेसे दिवस मिळतात.