काळविटांची वाट कोणाच्या शेतातून?

येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूर परिसरातील सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र शासनाने २०१४ साली काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित केले. ते योग्यच झाले. परंतु राजपत्रात आखलेली हद्द काळविटाला ठाऊक नसते. उन्हाळ्यात माळावरचे पाणी आटले की कळप शिवारात उतरतात. काही रस्त्यावर वाहनांखाली सापडतात, काही कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. पावसाळ्यात त्यांचे तोंड लागते ते कोवळ्या मक्याला, आणि तो मका बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचा असतो.

राखीव क्षेत्रांची अशी सुटी बेटे पुरेशी नाहीत, ती शेतीच्या मुलखातून एकमेकांना जोडली पाहिजेत, असे आता अभ्यासक सांगतात. त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. एकाकी पडलेला कळप पिढ्यान्‌पिढ्या आपसातच वाढतो, आणि दुष्काळात वा साथीत नष्ट झाला तर त्याची जागा घ्यायला बाहेरून कोणी येऊ शकत नाही. तेव्हा जोडणी हवीच. वाद आहे तो तिची किंमत कोणी मोजायची, याविषयी.

ही जोडणी काही नव्याने शोधून काढायची गोष्ट नव्हे. गायरान, ओढ्याकाठची झाडी, पाणंद, रुंद बांध, देवराई ही गावगाड्यातली जोडणीच होती. ती मोडली कोणी? इंग्रजी महसूल खात्याने जेथून वसुली होत नाही तो माळ ‘पडीक’ म्हणून नोंदला. स्वराज्याच्या महसूल खात्याने ती नोंद जशीच्या तशी पुढे चालविली. पडीक म्हटले की ती जमीन कोणालाही देण्यास मोकळी! गवताळ माळावर खड्डे खणून झाडे लावण्याचा कार्यक्रमही याच समजुतीतून निघाला. वस्तुतः काळविटाला उघडा माळ लागतो. दाट झाडीत तो राहत नाही. आणि त्या माळाचा दुसरा जाणकार, मेंढपाळ धनगर, याला मात्र चराईबंदीच्या नावाखाली हाकलले जाते.

निफाडकडे चित्र वेगळे, पण दोष तोच. गोदावरी-कादवा संगमावर नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. त्याच्या फुगवट्यावर पाणपक्ष्यांचे राज्य वसले. तेथे १९८६ साली अभयारण्य झाले, २०२० साली त्याचा रामसर यादीतील समावेश जाहीर झाला. या बागायती पट्ट्यात ऊस वाढला आणि उसात बिबट्या आला. ओढ्याकाठची झाडी गेल्यावर त्याला आडोसा उरला तो उसाचाच; बिबट्याची मादी आता तेथेच पिले घालते. शेतकऱ्याला कृषिपंपाची वीज मात्र रात्री! दिवसा विजेचे आश्वासन २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेपासून ऐकू येत आहे, परंतु ती वीज अजून प्रत्येक शेतापर्यंत पोहोचलेली नाही. काळोखात बॅटरी हातात घेऊन बारे द्यायला निघालेल्या माणसाला सहजीवनाचे व्याख्यान देणाऱ्यांनी एक रात्र त्याच्याबरोबर काढावी. बिबट्याचा प्रश्न येथे वन खात्याइतकाच वीज खात्याचा आहे, हे मुंबईत कोणी मान्य करीत नाही.

आपल्यातीलच काही साथी विचारतील, की गायराने भूमिहीनांना मिळावीत म्हणून आपण लढलो, आता ती हरणांना द्या म्हणता? प्रश्न रास्त आहे. १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहाचे नेते दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या हजारो आदिवासींची मुख्य मागणी वनजमिनीच्या हक्काचीच होती. परंतु भूमिहीनाचा एकरभर बाजरीचा तुकडा हरणाची वाट अडवीत नाही. हरीण त्यातून निघून जाते. वाट अडते ती तारेच्या कुंपणांनी, बिगरशेती प्लॉटांनी, गिट्टीच्या खाणींनी आणि महामार्गांनी. समृद्धी महामार्गाखाली प्राण्यांसाठी मार्ग ठेवल्याचा बराच गाजावाजा झाला. ते ठेवले, चांगले केले. पण मार्गाच्या दोन्ही टोकांशी माळ आणि ओढे टिकवण्याची जबाबदारी कोणावर? उद्या जोडणीच्या नावाने अतिक्रमणे काढायची वेळ आली, तर पहिला जेसीबी झोपडीवर जाईल की कुंपणावर, हे सांगायला ज्योतिषी नको.

कायद्यात आधार आहे. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आली. संरक्षित क्षेत्रांना जोडणारी शासकीय जमीन त्यात स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून घ्यावयाची आहे, आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असावयाचे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. कागदावर असलेले हे अधिकार बजावून घेणे हे आपले काम आहे.

म्हणून येवला, निफाड, सिन्नर व दिंडोरी येथील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत पुढील ठराव मांडावेत. गायरान व ओढ्यांच्या हद्दींची मोजणी करून नकाशे चावडीवर लावावेत. विहिरींना सरकारी खर्चाने कठडे बांधावेत. माळावर पाणवठे व गवताची राखण रोजगार हमीतून व्हावी. मेंढपाळांना ठरलेल्या हंगामात चराईचा हक्क असावा. बिबट्याच्या पट्ट्यात कृषिपंपांना दिवसाच वीज मिळावी. आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ग्रामसभेसमोर होऊन भरपाई पुढच्या पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडावी. ठरावाची एक प्रत तहसीलदाराकडे आणि एक उपवनसंरक्षकाकडे द्यावी, व दोन्हींची पोच घ्यावी.