तारेची सोयरीक

चालू स्थितीतला मॉनिटर केवळ 'जुना झाला' म्हणून भंगारात घालणाऱ्या माणसाला मी शहाणा म्हणायला तयार नाही. मग तो माझा सख्खा साडू का असेना! 'नवा घेऊन टाका हो, हल्ली काय पडतात त्याला!' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. घेऊन टाका! आमच्या वाशिमकडे वखराची पास झिजली तर पास बदलतात, वखर चुलीत घालत नाहीत.

भांडणाचं मूळ नातवाचा खेळाचा डबा. (त्याला 'कन्सोल' म्हणायचं असतं. डबा म्हटलं की नातू दोन दिवस बोलत नाही.) घरातला टीव्ही संध्याकाळी सात ते दहा सौभाग्यवतींच्या ताब्यात असतो आणि त्या कोर्टाच्या वर अपील नाही. उरला माझा सतरा इंची चौकोनी मॉनिटर. काच स्वच्छ, रंग ठणठणीत. पण दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं, तर सोयरीक जुळेना. मॉनिटरला पंधरा पिनांचं निळं व्हीजीए तोंड, आयबीएमने 1987 साली आणलेलं. डब्याला एकोणीस पिनांचं चपटं एचडीएमआय, 2002 सालचं.

बरं, नुसत्या तोंडाचा प्रश्न असता तरी निभावलं असतं. दोघांची बोलीच निराळी! डबा आकड्यांत बोलतो, मॉनिटरच्या त्या तोंडाला विजेचा चढउतार तेवढा कळतो. त्यामुळे एका टोकाला हे तोंड आणि दुसऱ्या टोकाला ते, अशी साधी तार जोडून पडद्यावर काही उमटत नाही. तरी ती विकणारे आहेतच. एकाने मला 'साहेब, शंभर टक्के चालते' म्हणून तीच तार पुढे केली. मी विचारलं, ''आत भाषांतर कोण करतं?'' तो म्हणाला, ''वायरची गॅरंटी नसते.''

मध्ये दुभाष्या लागतो. काडेपेटीएवढा कन्व्हर्टर. वाशिम 1 जुलै 1998 ला अकोल्यापासून सुटून स्वतंत्र जिल्हा झाला, स्वतःचा कलेक्टर मिळाला, एस. पी. मिळाले, पण जरा वेगळी तार मागितली की दुकानदार अजून म्हणतो, ''अकोल्याहून बोलावतो.''

शेवटी एका दुरुस्तीवाल्या पोराने मॉनिटर उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, ''पडद्याले काहीच झालं नाही काका. याचं तोंड तेवढं जुनं हाये. तोंड जुनं झालं म्हणून माणूस फेकते का कोनी?'' हे बोलताना तो माझ्याकडे का बघत होता, ते मी विचारलं नाही.

त्याच्याकडून कळलं ते असं. व्हीजीएच्या तारेतून आवाज जातच नाही. म्हणून कन्व्हर्टर हेडफोनचं भोक असलेलाच घ्यावा आणि त्यात जुने स्पीकर खुपसावेत. वीज कमी पडली तर ती यूएसबीतून वेगळी द्यावी. मॉनिटरला रुंद पांढरं डीव्हीआय तोंड असेल तर तुमचं नशीब. त्याची आणि एचडीएमआयची बोली एकच, चित्रापुरती साधी तार भागते. आता रुंद चित्र चौकोनात कोंबल्यावर माणसं उभट होतात, हे खरं. नातवाचा पैलवान चातुर्मास धरल्यासारखा दिसतो. पण कुस्ती करतो!

खरा संताप येतो तो एचडीसीपी नावाच्या पहारेकऱ्याचा. चित्र देण्याआधी तो पलीकडच्याची ओळख मागतो. पटली नाही तर पडदा काळा. नेमला सिनेमे चोरणाऱ्यांसाठी, आणि आठवीतलं पोर सुट्टीत मोटार पळवायला बसलं तरी झडती त्याची! प्लेस्टेशन 4 मध्ये हा पहारा सेटिंगमधून उठवता येतो, पण ते सांगायला घरोघरी कोण येतं?

साडू म्हणतात, ही प्रगती आहे. असेल. पिवळी, पांढरी, लाल अशी तीन शेपटं जाऊन चित्र आणि आवाज एका तारेत आले, याबद्दल मी एचडीएमआयला नारळ द्यायला तयार आहे. पण नवं दार काढताना जुनं बुजवलं, हे घरातल्यांना सांगायला नको? खोक्यावर तलवारी, राक्षस, जळती शहरं छापायला जागा आहे. 'जुन्या मॉनिटरला कन्व्हर्टर लागेल' या एका ओळीला नाही? आणि कंपन्या ऐकत नाहीत, हेही मला सांगू नका. युरोपने 2022 साली कायदा केला आणि 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना चार्जिंगचं एकच तोंड सक्तीचं झालं. भल्याभल्यांनी मुकाट्याने तोंडं बदलली. मग आपल्याकडे खोक्यावरच्या एका ओळीसाठी कोणी का अडून बसू नये?

तोवर डबा घ्यायला जाल तेव्हा मॉनिटरच्या पाठीचा फोटो काढून न्या. दुकानदार साधी तार पुढे करील. आत भाषांतर कोण करतं, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर तार काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा. पाटणी चौकात चहा बरा मिळतो.