गोल हुकले मालकांचे, जेवण तुटले कामगारांचे

शनिवार-रविवारी आमच्या रेल्वे वसाहतीत रात्री उशिरापर्यंत टीव्हीवर इंग्लंडचा फुटबॉल चालू असतो. तरुण सहाय्यक लोको पायलट असोत, पोस्टातले सॉर्टर असोत, की शेजारच्या क्वार्टरमधली कॉलेजची पोरे असोत, त्यांच्यात मँचेस्टर युनायटेडचे भक्त पुष्कळ. सामना संपला की दुसऱ्या दिवशी रनिंग रूममध्ये चर्चा रंगते. अमका बचावपटू कुचकामी आहे, तमक्याला विकून टाका, मॅनेजर बदला, एवढे पैसे ओतले ते गेले कुठे? हे ऐकून आमचे काही जुने कार्यकर्ते नाक मुरडतात. साहेबाच्या देशातल्या धनदांडग्यांचा खेळ, त्याचे आपल्याला काय, असे ते विचारतात. मला हे पटत नाही. पोरांची चर्चा चुकीची नाही, ती अर्ध्यावर थांबते एवढीच माझी तक्रार आहे. पैसे गेले कुठे, हा त्यातला सर्वांत खरा प्रश्न. पण त्याचे उत्तर शोधायला कोणी बसत नाही.

आधी हे जाणून घ्या की हा क्लब धनदांडग्यांनी काढलेला नाही. तो आपल्याच जातीच्या माणसांनी काढला. १८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील डेपोत कॅरेज अँड वॅगन खात्यातील कामगारांनी तो सुरू केला. आपल्या भाषेत सांगायचे तर सी. अँड डब्ल्यू.ची माणसे. नाव न्यूटन हीथ, सदरे हिरवे आणि सोनेरी, सामने बहुतेक इतर रेल्वे खात्यांच्या चमूंशी. चांगला खेळाडू दिसला की त्याला कारखान्यात नोकरी देऊन आणायचे. आपल्याकडचा स्पोर्ट्स कोटा म्हणजे काही नवीन शोध नव्हे.

१९०२ साली या क्लबवर २,६७० पौंडांचे कर्ज झाले आणि तो गुंडाळण्याचा हुकूम निघाला. कर्णधार हॅरी स्टॅफर्ड याने जॉन हेन्री डेव्हिस या दारू गाळणाऱ्या कारखानदाराला आणि आणखी काही व्यापाऱ्यांना गळ घातली. त्यांनी पैसे घातले, नाव बदलून मँचेस्टर युनायटेड केले, सदरा लाल केला. रेल्वे कामगारांचा क्लब मालकाचा झाला तो तेव्हापासून. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डेव्हिसने खिशातून पैसा आत घातला होता. पुढे जे आले त्यांनी आतला बाहेर काढला.

युनायटेडच्या इतिहासातील एक पान आपल्या शाखाशाखांत वाचून दाखवावे असे आहे. डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरमध्ये फुटबॉल खेळाडूंची युनियन स्थापन झाली. तिच्या पुढाऱ्यांत बिली मेरेडिथ आणि चार्ली रॉबर्ट्स हे युनायटेडचे खेळाडू होते. मेरेडिथ लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला. त्या काळी कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत असा नियम होता. १९०९ च्या उन्हाळ्यात फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढले की युनियन सोडा, नाहीतर खेळ सोडा. ठिकठिकाणचे खेळाडू नमले. युनायटेडच्या खेळाडूंनी मात्र नकार दिला. क्लबने त्यांना निलंबित केले. त्यांनी स्वतःचा सराव चालू ठेवला, ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब’ अशा अर्थाची पाटी लिहून तिच्यासह फोटो काढून घेतला. मोसम सुरू होण्याच्या तोंडावर असोसिएशनला माघार घेऊन युनियनला मान्यता द्यावी लागली. तडजोडीत इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी असलेला संबंध मात्र त्यांना सोडावा लागला, आणि चार पौंडांची मर्यादाही राहिली. पगाराची कमाल मर्यादा उठली ती थेट १९६१ साली, संपाची धमकी दिल्यावर. म्हणून, ‘खेळाडूंचे पगार वाढले आणि खेळ नासला’ असे जे आपले लोक सहज बोलून जातात, त्यांनी जरा सबुरीने घ्यावे. पगार मागणे हा गुन्हा नव्हे, हे आपण नाही म्हणायचे तर कोणी?

आता मालकीकडे वळू. १९९१ साली क्लब शेअर बाजारात उतरला. १९९८ मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या टीव्ही कंपनीने तो ६२ कोटी पौंडांना घ्यायचे ठरवले. तेव्हा चाहत्यांनी संघटना बांधल्या, लहान लहान भागधारक गोळा केले, सरकारकडे निवेदने दिली, आणि १९९९ मध्ये सरकारने तो व्यवहार अडवला. संघटित माणसे जिंकतात याचे याहून स्वच्छ उदाहरण खेळाच्या जगात मला तरी माहीत नाही.

२००५ साली मात्र हरले. अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. कसा घेतला ते नीट समजून घ्या. आपल्या पतपेढीतून कर्ज काढायचे तर दोन जामीन आणावे लागतात, आणि हप्ता आपल्याच पगारातून कापला जातो. ग्लेझरांनी कर्ज काढले, तारण ठेवला क्लब, आणि हप्ते कापले क्लबच्या उत्पन्नातून. तोपर्यंत क्लबवर कर्ज नव्हते. म्हणजे क्लब ज्या पैशाने विकत घेतला त्यातला मोठा भाग क्लबनेच फेडायचा! तिकीट काढणाऱ्या प्रत्येक माणसाने आपलाच क्लब परक्याला विकत घेऊन दिला. वर पुढे मालकांनी लाभांशही उचलला. न्यूयॉर्कच्या बाजारात २०१२ मध्ये जे शेअर विकले, त्यांना एक मत आणि कुटुंबाने स्वतःकडे ठेवलेल्या शेअरला दहा मते. याला ते लोक सुशासन म्हणतात.

अॅलेक्स फर्ग्युसन मॅनेजर होते तोवर हे सर्व झाकले गेले, कारण ते जिंकून देत होते. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले आणि झाकण उडाले. त्यानंतर मॅनेजर किती आले नि गेले, किती खेळाडू वाटेल त्या भावाने घेतले. २०२२ मध्ये अँटनी नावाचा खेळाडू आठ कोटी पौंडांच्या आसपास किमतीला आणला, आणि २०२५ मध्ये तो त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास विकला. रनिंग रूममधली पोरे अँटनीला शिव्या देतात. अहो, त्याने स्वतःची किंमत स्वतः लावली होती काय? भाव ठरवणारे, सही करणारे, हप्ते बांधून घेणारे दुसरेच होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ हे रसायन उद्योगातील अब्जाधीश चौथ्या हिश्श्याचे मालक झाले आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्या हाती आला. चाहत्यांना हायसे वाटले. आपल्याच भागातला माणूस, स्वतः युनायटेडचा भक्त. आणि मग २०२४-२५ चा मोसम आला. एरिक टेन हाग या मॅनेजरचा करार जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्याला काढले. डॅन अॅशवर्थ या क्रीडा संचालकाला मोठा गाजावाजा करून आणले आणि पाच महिन्यांत घालवले. मॅनेजर व त्याचे साहाय्यक मिळून १ कोटी ४ लाख पौंड, संचालकापायी ४१ लाख पौंड. हे माझे आकडे नव्हेत, क्लबच्याच हिशेबात आहेत. मैदानावर काय झाले? अडतीस सामन्यांत अठरा पराभव, ४२ गुण, पंधरावा क्रमांक. १९७४ साली क्लब खालच्या विभागात घसरला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी. मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमकडून एका गोलने गमावला, आणि टॉटनहॅम तरी कितवे होते? सतरावे!

चाहत्यांची चर्चा येथे येऊन थांबते. पण हिशेब पुढे आहे. २०२४ मध्ये क्लबने सुमारे २५० नोकऱ्या कापल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे कापण्याचे जाहीर केले. हे लोक चेंडू लाथाडणारे नव्हेत. कचेरीत कारकुनी करणारे, तिकिटे पाहणारे, साफसफाई, स्वयंपाक, प्रसिद्धी अशी कामे करणारे. ओल्ड ट्रॅफर्डमधील कर्मचाऱ्यांचे मोफत दुपारचे जेवण बंद केले आणि त्याऐवजी फळे ठेवली. जेवणाच्या जागी फळ! खेळाडूंचे जेवण चालू राहिले, ते राहायलाही हवे. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० वर कामगार असतील तेथे उपाहारगृहाची सोय मालकावर घातली, ती काही दया म्हणून नव्हे. दुपारची थाळी हा पगाराचा भाग असतो. ज्याने कधी कॅन्टीनच्या दरवाढीवर द्वारसभा घेतली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

प्रेक्षकांनाही सोडले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, मोसम अर्ध्यावर असताना, सभासदांच्या उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड केला, मुलांना आणि पेन्शनरांना सवलत नाही. चाहत्यांनी मैदानाबाहेर निदर्शने केली. मार्च २०२५ मध्ये काळे कपडे घालून मोर्चा काढला.

रॅटक्लिफसाहेबांचा बचाव असा की हे केले नसते तर वर्षअखेर तिजोरी रिकामी झाली असती, जुन्या खरेद्यांचे हप्ते त्यांच्या गळ्यात पडले आहेत. हे ऐकून आपली पोरेसुद्धा मान डोलावतात. कडू औषध घ्यावेच लागते म्हणतात. रेल्वेत चाळीस वर्षे आपण हेच ऐकतो आहोत, कडू औषध नेहमी त्याच पेल्यात ओततात. बरे, आता आकडे बघा. २०२४-२५ चे उत्पन्न ६६ कोटी ६५ लाख पौंड, क्लबच्या इतिहासातील विक्रम. तरी तोटा ३ कोटी ३० लाख. आणि त्याच २०२५ च्या उन्हाळ्यात तीन आघाडीच्या खेळाडूंवर मिळून वीस कोटी पौंडांच्या घरात खर्च केला. खेळाडू घेऊ नका असे मी म्हणत नाही. पण तिजोरीत वरणभाताला पैसा नाही आणि वीस कोटींच्या खरेदीला आहे, तर ती काटकसर नव्हे. त्या तिजोरीतून कोणाला आधी मिळायचे याचा तो निर्णय आहे, आणि ज्याला युनियनची ताकद नाही तो रांगेत शेवटी राहिला. मार्च २०२५ मध्ये दोनशे कोटी पौंडांच्या एक लाख आसनी मैदानाची योजनाही जाहीर झाली. तिच्यासाठी शेजारचा रेल्वेचा मालधक्का हलवावा लागतो. रेल्वे कामगारांनी काढलेल्या क्लबच्या वाटेत शेवटी रेल्वेच आडवी आली, हा योग मला तरी गमतीचा वाटतो.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणेल तर तेही खोटे आहे. २००५ मध्ये रागावलेल्या चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा नवा क्लब काढला. एक सभासद, एक मत, पैसे किती घातले ते बघायचे नाही. वर्गणी आणि सामुदायिक शेअर यांच्या बळावर त्यांनी २०१५ मध्ये स्वतःचे मैदान उभे केले, तेही न्यूटन हीथला लागून असलेल्या मॉस्टनमध्ये. तो क्लब खालच्या पातळीवर खेळतो. २०१९ मध्ये आणखी एक पायरी उतरला. चषक किती जिंकले, असे हसून विचारणारे आहेत. मग मोठ्या युनायटेडने पंधराव्या क्रमांकावर राहून काय जिंकले ते त्यांनी सांगावे.

आपल्या देशातही हेच वारे आहे. १९५८ साली पी. के. बॅनर्जींच्या ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली, साठच्या दशकात रेल्वेने संतोष ट्रॉफी तीनदा आणली. त्या काळात खेळाडू हा मस्टरवर सही करणारा कर्मचारी होता. पुढे कंपन्यांचे संघ आले, आणि ताळेबंद बिघडला की गेलेही. मुंबईत महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तर पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. १८८९ च्या मोहन बागानचे २०२० मध्ये एटीके या कंपनीच्या संघात विलीनीकरण झाले. चाहत्यांनी तीन वर्षे ओरडून २०२३ मध्ये नावापुढचे ‘एटीके’ काढायला लावले. नाव परत मिळाले, ऐंशी टक्के हिस्सा मात्र कंपनीकडेच राहिला.

म्हणून तरुण मित्रांनो, चर्चा जरूर करा, पण हिशेबापर्यंत करा. अँटनीची किंमत तुम्हाला तोंडपाठ आहे. आपल्या मंडळात कर्मचारी हितनिधीतून खेळांवर किती रुपये मिळतात आणि ते कशावर खर्च होतात, हे तुमच्यापैकी कोणी विचारले आहे काय? त्या समितीवर युनियनचे प्रतिनिधी बसतात, कागद बघण्याचा त्यांना हक्क आहे. पोस्टातील बंधूंकडेही कल्याण मंडळ आणि क्रीडा मंडळ आहे. आमच्या शाखेच्या येत्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी ते सभेच्या आठ दिवस आधी लेखी द्यावेत.