होम प्लेटला पाय लागला, तरी धाव नाही

जो होम प्लेटला पाय लावतो त्याची धाव झाली, असं बेसबॉल पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. पण संघाचे दोघे बाद असतील, तर पुढच्या धावकाची धाव मागच्याच्या पायांवर टिकते किंवा जाते.

२३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर हेच घडलं. जायंट्स आणि शिकागो कब्ज १-१ असे बरोबरीत. नववी इनिंग, जायंट्सचे दोघे बाद. तिसऱ्या बेसवर मूस मॅकॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलने फटका मारला, मॅकॉर्मिक होमला पोहोचला, प्रेक्षक मैदानात घुसले. सामना संपला असं धरून मर्कल दुसरा बेस न गाठताच क्लबहाउसकडे वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवला आणि दुसऱ्या बेसवर पाय ठेवला. तो चेंडू खेळातलाच होता का, यावर अजून वाद आहे. अंपायर हँक ओ’डे यांनी मर्कलला बाद दिलं, धाव रद्द केली. बरोबरीतला तो सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा झाला, कब्जने तो ४-२ असा जिंकला आणि लीगचं विजेतेपद एका सामन्याच्या फरकाने नेलं.

कारण साधं आहे. ब्रिडवेल पहिल्या बेसकडे निघाल्यावर मर्कलला दुसरा बेस गाठणं भाग होतं. असा ‘फोर्स आउट’ तिसरा गडी ठरला, तर आधी होमला पोहोचलेल्याचीही धाव धरत नाहीत. बॅटर पहिला बेस न गाठता तिसरा बाद झाला, तरी तेच. मात्र त्याने पहिला बेस गाठला, पण दुसरा चुकवला आणि अपिलावर तिसरा गडी ठरला, तर त्याच्या पुढे होमला गेलेल्यांच्या धावा टिकतात. उलट, दोघे बाद असताना बॅटरने होमरन मारला आणि पुढच्या धावकाने तिसरा बेस चुकवला, तर अपिलानंतर बॅटरचीही धाव जाते. एकच गडी बाद असता, तर चुकणाऱ्यापुरतंच नुकसान झालं असतं.

यातला खरा वादाचा मुद्दा अपिलाचा. बेस चुकलेला अंपायरने डोळ्यांनी पाहिला, तरी तो गप्प राहतो. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने पुढचा चेंडू टाकण्याआधी दाद मागितली नाही, तर धाव फलकावर कायम. चुकीची धाव अंपायरने जाणूनबुजून चालू द्यायची, हा कुठला न्याय, असं अनेक जण विचारतात. क्रिकेटमध्ये शॉर्ट रन अंपायर स्वतःहून कापतो, मग इथे का नाही?

मला हा आक्षेप पटत नाही. क्रिकेटमध्येही फलंदाजाला बाद द्यायला अपील लागतंच. बेसबॉलने बेस चुकणं हे धावांच्या हिशेबात न धरता बाद होण्याच्या खात्यात टाकलं आहे. गडी बाद करणं हे क्षेत्ररक्षकांचं काम. अंपायरने आपणहून बोट दाखवलं, तर तो त्यांच्या बाजूने खेळल्यासारखं होईल. एव्हर्सने ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये अशीच दाद मागितली होती. तेव्हाही अंपायर ओ’डेच होते, पण त्यांनी तो प्रसंग पाहिला नव्हता. पुढच्या वेळी दोघेही सावध होते. अशा सावधपणाला खेळात किंमत असलीच पाहिजे.

निकाल बरोबर होता. मर्कलवर आयुष्यभरासाठी बसलेला ‘बोनहेड’ हा शिक्का मात्र अन्यायाचा. विजयी फटक्यानंतर अर्ध्या वाटेतून परतणं हा त्या काळी सर्रास रिवाज होता. जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांनी त्याला संघात ठेवलं; पुढे तो खुद्द कब्जकडूनही खेळला. सगळे मोडतात तो नियम ज्या दिवशी लागू होतो, त्या दिवशी सापडलेला एकटाच बदनाम होतो. त्यात दोष नियमाचा नाही, तो इतके दिवस सैल सोडणाऱ्यांचा आहे.